सकाळी थंड असताना या

जाहिरात इतकी शुद्ध होती की वाचताना काकपदांना गहिवरून आलं.

“ऐक,” ते बायकोला म्हणाले. “‘काळाच्या ओघातही जिचं लावण्य तसूभरही उणावलं नाही, अशी ही दोन आसनांची देखणी गाडी आता रसिक धन्याच्या प्रतीक्षेत आहे.’ प्रतीक्षेतली ‘ती’ बघ. दीर्घ! दहांतले नऊ जण ऱ्हस्व काढतात.”

“गाडी विकतोय की स्थळ सांगतोय?” बाई म्हणाल्या.

काकपद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकोणचाळीस वर्षं ते छापखान्यात मुद्रितं तपासायला होते. ओळीतला एखादा शब्द गळला की तपासणारा त्या जागी कावळ्याच्या पायासारखी एक खूण करतो आणि गळलेला शब्द वर लिहितो. त्या खुणेचं नाव काकपद. त्यांच्या लाल पेन्सिलीतून ही खूण इतक्यांदा उतरे, आणि त्यांचे पायही असे काटकुळे होते, की छापखान्यातल्या कुणा टवाळानं ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं. निवृत्त झाले तरी ते सुटलं नाही.

बायकोला मात्र सगळं गाव बाई म्हणे. तीस वर्षं त्या गाडी चालवायला शिकवत होत्या. बँकेचे मॅनेजर, दातांचे डॉक्टर, दोन न्यायाधीश, सगळे एके काळी त्यांच्या शेजारी बसून घामाघूम झालेले. नापास झालेला एकच विद्यार्थी बाईंनी घरी ठेवून घेतला, असं त्यांची भाची म्हणायची. तो विद्यार्थी म्हणजे काकपद. त्यांनी चौदा धडे घेतले, पंधराव्याला गाडी एका भाजीच्या दुकानात घातली आणि तेव्हापासून ते बसनं फिरत.

तीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या चुका सांभाळत, चाळीसच्या वेगानं, त्याच चार रस्त्यांना फेऱ्या मारल्या होत्या. त्यांना हवी होती ती एकच गाडी. बुटकी, लांब नाकाची, उघड्या टपाची, दोनच माणसांची. ती बनायची बंद होऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती. आयुष्यात दोनदा ती त्यांच्या समोरून गेली आणि दोन्ही वेळा बाई बोलता बोलता थांबल्या होत्या. काकपदांनी ते पाहून ठेवलं होतं.

मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, “दोन वर्षं चालवा. फार तर तीन. पुढचं मी सांगू शकत नाही.” घरी येऊन काकपदांनी बँकेचं पुस्तक काढलं. दोघांच्या साठवणीत बसत होती एक गाडी. ती चुकीची निघाली तर दुसरी बसणार नव्हती, आणि डोळे काही थांबणार नव्हते.

तेव्हापासून ते रोज सकाळी जुन्या गाड्यांच्या साईटवर बसत. हव्या त्या मॉडेलच्या साऱ्या देशात मिळून दोनच गाड्या विकायला होत्या. एकीची जाहिरात ही अशी, अर्धविरामसुद्धा जिथल्या तिथे. दुसरीची अशी:

‘गाडी चांगलि आहे. डाव्या दाराखालि गंज आहे बोट जात. दूसरा गेर करकरतो. टप फाटल होत मी शिवल आहे. इंजीन मुळच. मागचा डावा दिवा दुसर्या गाडिचा. सकाळि थंड असताना या मग चालु करुन दाखवतो.’

हे वाचताना काकपदांचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला होता. त्यांनी ही जाहिरात नाकारली हे ठीक. पण त्यांनी त्याच्याही पुढची मजल मारली होती. सवय जाते कुठे? त्यांनी मजकूर उतरवून घेतला, सगळा दुरुस्त केला आणि विकणाऱ्याला पाठवून दिला. वर एक ओळ: ‘एकंदर तेवीस चुका होत्या. उपयोग व्हावा.’

अर्ध्या तासानं उत्तर आलं. ‘मास्तर गाडि घ्याईची आहे का माझा पेपर तपासायचा आहे.’

“ज्याला एक ओळ नीट लिहिता येत नाही, त्यानं गाडी काय नीट ठेवली असणार?” काकपद बाईंना म्हणाले होते, आणि तो विषय त्यांनी तिथेच मिटवला होता.

रविवारी भाची आली. तिचं स्वतःचं गॅरेज होतं आणि नखांतलं ग्रीस ती कधी लपवत नसे. काकपदांनी तिच्यापुढे शुद्ध जाहिरात ठेवली. “इसार मागतोय. आज पाठवला तर गाडी आपल्यासाठी राखून ठेवील. पाच जण रांगेत आहेत म्हणे.”

“काका, गाडी कुठे आहे?”

“त्याच्या गोदामात. दुसऱ्या शहरात.”

“इंजिन मूळचं आहे?”

काकपदांनी जाहिरातीवरून बोट फिरवलं.

“किती वर्षं बंद उभी होती? कागद कुणाच्या नावावर? खालून गंज? शेवटची कधी चालली?”

“असेल की. सगळं असेल,” काकपद म्हणाले. “मी अकरा वेळा वाचलीय.”

“मग सांगा ना. अकरा वेळा वाचलंत, एक तरी गोष्ट सांगा.”

त्यांनी जाहिरात पुन्हा डोळ्यांखालून घातली. लावण्य होतं. वाऱ्याशी हितगुज होतं. संध्याकाळच्या प्रकाशात उजळणारी काया होती. बारा ओळींत गाडीबद्दल म्हणावी अशी एक ओळ नव्हती.

“मावशी,” भाची म्हणाली, “हे अक्षरं वाचतात गं. मजकूर वाचतच नाहीत.”

“मला तीस वर्षं झाली सांगून,” बाई म्हणाल्या.

थट्टाच होती, पण ती काकपदांना लागली, कारण खरी होती. छापखान्यात हेच तर शिकवलेलं: मजकुरात गुंतलास की चूक निसटते. लग्नपत्रिका असो की निधनवार्ता, डोळा फक्त वेलांटीवर ठेवायचा. त्या शिस्तीचा त्यांना अभिमान होता. आता त्या शिस्तीनं ते बाईंची दोन वर्षं एका अर्धविरामाला विकायला निघाले होते. आपल्याला हे जमणार नाही, भाचीवर सोपवावं आणि आपण गप्प बसावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांच्या मनात असं नेहमीच येई.

पण या वेळी ते उठून आतल्या खोलीत गेले. जाहिरात कागदावर काढली आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. चुकलेलं अक्षर कुणालाही दिसतं; गळलेली ओळ दिसत नाही, ती शोधावी लागते. ‘लावण्य उणावलं नाही’ पाशी त्यांनी एक काकपद काढलं आणि वर लिहिलं: रंग मूळचा की नंतरचा? ‘रसिक धनी’ पाशी दुसरं: सध्याचा धनी कोण, आणि कागदावर तोच आहे का? दुपारपर्यंत बारा ओळींत सतरा काकपदं झाली. कागद कावळ्यांनी तुडवल्यासारखा दिसू लागला.

सतरा प्रश्न त्यांनी त्या गृहस्थाला पाठवले. उत्तर तासाभरात आलं, तेही निर्दोष. ‘आपली चिकित्सक वृत्ती पाहून आनंद वाटला. अशा गाड्या प्रश्नांनी नव्हे, प्रेमानं जिंकायच्या असतात. तथापि, अन्य इच्छुकांचा आग्रह पाहता, इसार आज सायंकाळपर्यंत पोहोचल्यास बरं.’

काकपदांनी लिहिलं, ‘सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा एक फोटो पाठवा. शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवा. नाहीतर आम्ही तिघं उद्या तिथे येतो, पत्ता द्या.’

यावर तीन ओळी आल्या. त्यांत ‘अविश्वास’ हा शब्द दोनदा होता. फोटो नव्हता आणि पत्ताही नव्हता.

“सोडा,” भाची म्हणाली.

काकपदांना सोडवेना. इतकं चांगलं लिहिणारा माणूस लबाड असावा, याचं त्यांना गाडीपेक्षा जास्त दुःख झालं. पण त्यांनी इसार पाठवला नाही. कागदाची घडी केली आणि ती टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली.

मग त्यांनी दुसरी जाहिरात काढली. पेन्सिल मुद्दाम लांब ठेवली. गंज कुठे, किती, ते लिहिलेलं. गियर कुठला करकरतो, लिहिलेलं. काय मूळचं, काय दुसऱ्या गाडीचं, सगळं लिहिलेलं. सात ओळींत त्यांना चारच काकपदं काढावी लागली असती. आणि शेवटची ओळ: सकाळी थंड असताना या.

“हे चांगलं की वाईट?” त्यांनी विचारलं.

भाची खुर्चीतून पुढे सरकली. “काका, विकणारा आधी इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे सुरू होतानाची खोट कळत नाही. हा स्वतःहून म्हणतोय थंड असताना या. आणि तुम्ही याला काय पाठवलंत?”

“शुद्धलेखन.”

भाचीनं कपाळावर हात मारला. ग्रीसचा एक डाग तिथे उमटला.

फोन करायला काकपदांना दोन दिवस लागले. बोलायचं काय ते त्यांनी लिहून काढलं, तीनदा खोडलं आणि शेवटी कागद न घेताच नंबर लावला.

“हॅलो. मी… परवा तुमच्या जाहिरातीबद्दल ज्यानं लिहिलं होतं, तो.”

“कोण? पुष्कळ जणांनी लिहिलं.”

“तेवीस चुका.”

“अच्छा! मास्तर!”

“मास्तर नाही मी. छापखान्यात होतो.”

“बरं मग? आता प्रगतिपुस्तक पाठवताय?”

“माफी मागायला केलाय फोन. माझी चूक झाली.”

“माझ्या तेवीस आणि तुमची एक?”

“एकच, पण तुमच्या तेविसांपेक्षा मोठी,” काकपद म्हणाले. “गाडी बायकोसाठी हवीय. चालवणार ती. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. येऊ का बघायला?”

माणूस हसला की खोकला ते कळलं नाही. “लिहिलंय की. थंड असताना. सातच्या आत या. आठला मला कामावर जायचं असतं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लोक अडकले की माझीच आठवण काढतात.”

दुसऱ्या दिवशी पावणेसातला तिघं त्याच्या दाराशी होती. लिफ्टवाला रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा. त्यानं काकपदांना आपादमस्तक पाहिलं. “पेन्सिल आणलीत?”

“नाही,” काकपद म्हणाले. खरं म्हणजे खिशात होती.

घरामागच्या शेडमध्ये गाडी उभी होती. गडद निळी, शिवलेल्या टपाची. बाईंनी पुढे जाऊन तिच्या लांब नाकावर तळहात टेकवला. “थंडगार,” त्या म्हणाल्या आणि हात काढायला विसरल्या.

तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. निळसर धूर निघाला आणि दोन मिनिटांत विरला. “या वयात सकाळचा खोकला माफ,” भाची म्हणाली. डाव्या दाराखाली तिनं बोट घातलं, गेलं. मग चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक ती पत्र्यावरून फिरवत राहिली. जिथे पुट्टी भरून रंग चढवलेला असतो, तिथे चुंबक धरत नाही. इथे सगळीकडे धरलं. दिवा दुसऱ्या गाडीचा होता, तसंच लिहिलं होतं. दुसरा गियर करकरला, तेही लिहिलं होतं.

काकपदांनी नोंदणीचे कागद मागून घेतले. त्यावरचं नाव आणि लिफ्टवाल्याच्या ओळखपत्रावरचं नाव अक्षर अक्षर ताडून पाहिलं. मग भाची गाडीखाली शिरली आणि काकपद छापखान्यातल्यासारखे मोठ्यानं आकडे वाचू लागले. एकानं मूळ प्रत वाचायची, दुसऱ्यानं छापलेलं बघायचं. ही रीत त्यांच्या हाडीमांसी खिळलेली.

“सात. शून्य. शून्य. चार.”

“सात, शून्य, शून्य, चार,” गाडीखालून आवाज येई.

इंजिनाचा नंबर जुळला. सांगाड्याचाही जुळला.

“आणखी काही हवं?” लिफ्टवाल्यानं घड्याळाकडे पाहत विचारलं.

“कामाची नोंद ठेवलीत कधी?”

तो आत गेला आणि जाड पुठ्ठ्याची एक वही घेऊन आला. अठरा वर्षांची. ‘तेल बदलल.’ ‘ब्रेक चे पाईप नवे.’ ‘पाणी गळत होत आता नाहि.’ पानापानावर इतक्या चुका होत्या की काकपदांना हात पाठीमागे बांधून उभं राहावं लागलं. पण ते वाचत गेले. नोंद वाचायची, भाचीनं ती जागा तपासायची, बाईंनी बॅटरीचा उजेड धरायचा. पाईप नवे होते. पाणी गळत नव्हतं. लिफ्टवाला सुरुवातीला दाराला टेकून उभा होता. हळूहळू तो जवळ आला आणि आपलीच वही दुसऱ्याची असल्यासारखा ऐकू लागला. मध्येच त्यानं कामावर फोन करून तासभर उशीर होईल असं सांगितलं.

बाईंना आता धीर निघेना. बॅटरी ठेवून त्या आत बसल्या. पाय पुढे लांब गेले, पाठ मागे टेकली. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या हातातल्या स्टिअरिंगवर नजर ठेवली होती; हे स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते नुसतंच धरलं होतं, फिरवलं नव्हतं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “पुरे आता. घेऊन टाकू.”

काकपद वहीच्या एका पानावर थांबले होते. त्यांनी पान मागे उलटलं, पुन्हा पुढे केलं.

“इथे काहीतरी गळलंय,” ते म्हणाले.

“शुद्धलेखन राहू द्या हो!” लिफ्टवाला म्हणाला.

“शुद्धलेखन नाही. चार वर्षांपूर्वीच्या या नोंदीनंतर चौदा महिने एकही नोंद नाही. त्याआधी तुम्ही लिहिलंय, ‘पुढचे टायर सारखे झिजले’. त्यानंतर लिहिलंय, ‘पुढचा डावा टायर आतून झिजला’. आधी सारखे, मग आतून. मधे काय झालं?”

भाची गाडीखालून सरपटत बाहेर आली आणि उकिडवी बसून राहिली.

लिफ्टवाल्यानं मान खाली घातली. “वळणावर कठड्याला धडकवली,” तो म्हणाला. “मीच. झोप नव्हती झाली. पत्र्याला काही झालं नाही, चाक मात्र मागे दाबलं गेलं. एकाकडून सरळ करून घेतलं. वहीत लिहावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं सांभाळली आणि…” त्यानं हात झटकला. “नंतर हजारो किलोमीटर चालवलीय मी. काही झालं नाही.”

“झालं तर,” बाई आतूनच म्हणाल्या. “सांगितलं ना त्यांनी. अहो, माणूस खरा आहे. गाडी बरी आहे. टायर काय, बदलू. मला किती वेळ आहे ते तुम्हाला माहितेय.”

लिफ्टवाला म्हणाला, “तसा आज चार वाजता आणखी एक जण येतोय. पैसे घेऊन येतोय. तो वहीबिही वाचायचा नाही.”

बाईंना ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंग काकपदांनी आजवर येऊच दिला नव्हता; पडदे कुठले लावायचे इथपासून मुलीचं नाव काय ठेवायचं इथपर्यंत. शिवाय आपण कोण सांगणारे? भाजीच्या दुकानात गाडी घालणारे. घेऊन टाकावी. चार वाजता ती गेली तर साऱ्या देशात दुसरी नाही. बाई त्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. “नाही. आधी माप. सांगाडा सरळ आहे की वाकडा, ते कळल्याशिवाय मी पैसे देणार नाही.”

“अहो…”

“तू रागाव. मी ऐकून घेईन. पण त्या चाकावर तू बसणार आहेस, आणि चाकाचं काय झालं ते अजून कुणीच पाहिलेलं नाही.” मग ते लिफ्टवाल्याकडे वळले. “चार वाजता येणाऱ्याला खुशाल येऊ द्या. त्याला कठड्याचं सांगाल ना?”

लिफ्टवाला वळून घरात गेला. गेला तो परत येतो की नाही, असं सगळ्यांना वाटलं. आला तेव्हा त्याच्या एका हातात ओळंबा होता आणि दुसऱ्या हातात पोलादी टेप. “लिफ्टचे रूळ यावरच लावतो मी,” तो म्हणाला. “एका केसाचा फरक दाखवतो. चला.”

त्यानं कामावर पुन्हा फोन केला आणि आज येत नाही म्हणून सांगितलं.

पुढचे दोन तास शेडमध्ये कुणी चहासुद्धा मागितला नाही. बाईंना उतरवून गाडी चार ठोकळ्यांवर चढवली. भाची सांगाड्यावरची एकेक जागा दाखवी, लिफ्टवाला तिथून ओळंबा सोडी, आणि टोक जिथे स्थिरावे तिथे काकपद गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूनं फुली करत. मग फुली ते फुली तिरकं माप. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. काकपद आकडे लिहून घेत आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून दाखवत. मागचा भाग जुळला. मधला जुळला. पुढच्या दोन तिरक्या मापांत तीन मिलिमीटरचा फरक आला.

“तीन?” लिफ्टवाला चरकला.

“तीन काहीच नाही. नवी आली तेव्हाही इतका असेल,” भाची म्हणाली. “सांगाडा सरळ आहे.”

बाईंनी लगेच गाडीचं दार उघडलं.

“मग टायर आतून का झिजला?” काकपद म्हणाले.

भाचीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. या वेळी तिला थट्टा सुचली नाही. तारेचा ब्रश घेऊन ती पुन्हा खाली गेली आणि डाव्या चाकामागचं जुनं ग्रीस खरवडू लागली. बराच वेळ नुसती करकर ऐकू येत होती. मग ती थांबली.

“मावशी, बॅटरी.”

चाक ज्या जाड पट्टीवर पेललेलं असतं, तिच्या जोडावर केसाइतकी एक रेघ होती. ती ग्रीसखाली, रंगाखाली गेलेली होती. भाचीनं नख लावलं, नख अडकलं.

“सरळ करणाऱ्यानं जोड वरवर मारलाय. चिरलाय तो. किती दिवसांचं आहे कोण जाणे. वेगात असताना हा सुटला असता तर…”

बाईंनी गाडीचं उघडं दार हलकेच लावलं. लिफ्टवाला स्वतः खाली वाकून बघून आला आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. “मी आठवड्याला फिरवायचो हिला,” तो म्हणाला. “मागच्या रविवारी फिरवली. बाई, तुम्ही आज नेली असती तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?”

“नेली नाही ना,” काकपद म्हणाले. “आता काय करायचं ते ठरवू.”

ठरलं ते असं. गाडी टेम्पोवर चढवून भाचीच्या गॅरेजात जाईल. पट्टी काढून नवी बसवायची, दोन्ही बाजूंची, एकच नको. खर्च लिफ्टवाल्याचा. मग याच ओळंब्यानं पुन्हा माप. ते जुळलं की कागदांवर सह्या, आणि त्याच दिवशी, त्याच टेबलावर पैसे. इसार वगैरे काही नाही. दाराखालच्या गंजासाठी किमतीत किती सोडायचं, ते भाची आणि लिफ्टवाला जोरजोरात भांडून मिटवत होते तेव्हा काकपद बाहेर नळावर हात धूत होते.

लिफ्टवाल्यानं चारच्या माणसाला फोन लावला. “येऊ नका. गाडी दिली.”

“अजून दिलेली नाही,” काकपद टॉवेल शोधत म्हणाले. “माप जुळलं तर.”

“बाई,” लिफ्टवाला हताशपणे म्हणाला, “घरीही असेच असतात?”

“घरी कुठले,” बाई म्हणाल्या. वळणावर अनोळखी गाडी समोर यावी, तशा त्या नवऱ्याकडे बघत होत्या. “मी हे आजच पाहतेय.”

परतताना घराजवळच्या वळणावर बाई म्हणाल्या, “मला राग आला होता.”

“माहितेय.”

“अजून थोडा आहे.”

“असू दे.”

एकोणीस दिवस लागले. पट्ट्या मिळेनात, शेवटी भाचीनं त्या मापानं घडवून घेतल्या. काकपद रोज बसनं गॅरेजात जायचे, स्टुलावर बसायचे आणि काही कळत नसताना सगळं पाहायचे. दुसऱ्यांदा माप घेताना लिफ्टवाला स्वतः आला. फरक अडीच मिलिमीटर. सह्या झाल्या. त्यानं किल्ली बाईंच्या हातावर ठेवली, गाडीच्या नाकावर एक थाप मारली आणि मागे न बघता चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाईंनी इंजिन सुरू केलं. काकपद शेजारी बसले, मांडीवर एक कागद घट्ट धरून.

“कुठे जायचं?” त्यांनी विचारलं.

“सरळ.”

गावातले चार रस्ते मागे पडले. मग शेवटचा दिवा, शेवटची इमारत, आणि पुढे मोकळा चढ. बाईंनी दुसरा टाकला, तो करकरला. तिसरा टाकला, तो लोण्यासारखा पडला. वारा समोरून आला आणि काकपदांच्या हातातला कागद उचलून घेऊन गेला. ते मागे वळून ओरडले, “अगं, थांब! कागद उडाला!”

“काय होतं त्यात?”

“गाडीत रोज काय काय तपासायचं, ते!”

“उद्यापासून,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी चौथा टाकला.